कविता खळ्यावर आणा!

गेल्या काही वर्षांत आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात काव्यवाचनाचे पीक बरे येऊ लागले आहे. ही गोष्ट वाईट नव्हे. ज्या घरात चार पिढ्यांमागे अक्षराची ओळख नव्हती, त्या घरातला मुलगा आज वहीत चार ओळी लिहून ठेवतो आणि त्याची बहीण त्याच्याहून बरे लिहिते, हे पाहून आम्हाला आनंदच होतो. परंतु पीक आले म्हणजे ते कोणाच्या कणगीत पडते हेही पाहावे लागते; आमच्या शेतकरी वाचकांस हे निराळे शिकवायला नको.

मध्यंतरी आम्ही अशाच एका काव्यवाचनास गेलो होतो. गावाचे व माणसांचे नाव आम्ही सांगत नाही, कारण एकाच गावाला दोष द्यावा असे हे प्रकरण नाही. कार्यक्रम सभागृहात होता. पुढच्या तीन रांगा पाहुण्यांसाठी दोरी लावून राखल्या होत्या. दिवे लावले, नारळ फोडले, शाली पांघरल्या, एकाने दुसऱ्याचे व दुसऱ्याने तिसऱ्याचे गुणगान केले, आणि त्यात दोन तास गेले. मग कवितेची पाळी आली. एक बाई कांद्याची काढणी सोडून, दिवसाचा रोज बुडवून आल्या होत्या. त्यांना सांगण्यात आले की ताई, वेळ थोडा आहे, एकच कडवे म्हणा. बाईंनी वही उघडली, क्षणभर पाहिली, पुन्हा मिटली आणि घरी गुरांचे पाणी राहिले आहे असे म्हणून त्या निघून गेल्या. दाराशी पाचपन्नास माणसे उभी होती. त्यांत शेतकरी होते, सुतार होते, चांभार होते. आत खुर्च्या रिकाम्या होत्या. पण दोरी ओलांडून जाण्याचा धीर कोणालाही झाला नाही.

त्या दिवसापासून आमच्या मनात जे घोळत आहे ते आज वाचकांपुढे मांडतो. आमचे म्हणणे असे की, यंदाची सुगी उरकली म्हणजे आपल्या गावोगावी काव्यवाचन खळ्यावर करावे. सभागृहात नको, देवळाच्या सभामंडपात नको, कोणा पुढाऱ्याच्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर तर नकोच नको. खळ्यावर, मातीत बसून, उघड्या आभाळाखाली.

कोणी म्हणेल, हे नवीनच खूळ काय काढले? त्यावर आमचे उत्तर असे की, हे खूळ नवीन नाही आणि परकेही नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ साली झाली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहिला. तो लिहिता लिहिता त्यांनी ठिकठिकाणी जाऊन लोकांस वाचून दाखविला, आणि त्या ठिकाणांत आमचे जुन्नर आहे व आमचे ओतूरही आहे. ‘दीनबंधु’ पत्राने त्याची पहिली काही प्रकरणे छापली, पुढची छापण्याचा धीर केला नाही. सबंध ग्रंथ तर जोतीरावांच्या हयातीत छापूनच निघाला नाही. म्हणजे जो ग्रंथ छापखान्याला झेपला नाही तो आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या कानांना झेपला. ज्याला वाचता येत नव्हते त्यानेच तो आधी ऐकला. वाचून दाखविणे ही आमच्याकडे करमणूक नव्हती. तेच आमचे छापणे होते.

आणि याच ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी आपल्या घरची लग्ने गावच्या जोश्याला न बोलाविता लाविली, तेव्हा जोश्याने दक्षिणेच्या हक्कासाठी दावा केला व तो दावा मुंबईच्या हायकोर्टापर्यंत चालला. काम दुसऱ्याने केले तरी दाम मात्र आपल्यालाच मिळाले पाहिजे, असा तो हक्क होता! आज लग्नातला हा तंटा बराच निवला आहे. परंतु शब्दाच्या बाबतीत तोच तंटा अजून उभा आहे. कविता कोणीही करो, तिच्यावर शाल, मान आणि पहिली खुर्ची कोणाची, हे आधीच ठरलेले असते.

१८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. न्यायमूर्ती रानड्यांकडून जोतीरावांस बोलावणे आले. जोतीराव गेले नाहीत. जे लोक सर्व माणसांस माणुसकीचे हक्क खुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. त्यांनी दार ठोठावून आत घ्या असे म्हटले नाही. आमची सभा निराळी, असे म्हटले. ती निराळी सभा कोठे भरवावी, एवढाच प्रश्न त्यांनी आमच्यासाठी शिल्लक ठेवला आहे.

मागे वळून पाहिले तर आमची कविता छपराखाली थोडी आणि उघड्यावर फार वाढली. पंढरपूरच्या वाळवंटात कीर्तने झाली. तेथे नामदेव शिंपी होता, चोखा महार होता, जनाबाई दासी होती. परंतु वाळवंट गोड मानून घेताना एक गोष्ट विसरू नये. चोखोबाला देवळाचे दार बंद होते, म्हणून वाळवंट त्याचे होते. ते दार अस्पृश्य म्हटलेल्या लोकांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ सालच्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. पुढे सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, ढोलकी घेतली, आणि गावाच्या मोकळ्या जागेत उभे राहून सावकारी, दारू, लग्नातली उधळपट्टी, भटशाही आणि पोरांची शाळा यांवर गाणी म्हटली. भीमराव कर्डकांसारख्यांनी तोच मार्ग धरून आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. या मंडळींनी सभागृहाची वाट पाहिली असती तर त्यांचे एकही गाणे आमच्या आजोबांच्या कानी पडले नसते.

आणि आमच्या तालुक्याला तर याचा दाखला बाहेरून आणावयासच नको. नारायणगावला दरसाल जत्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. लांबलांबच्या गावांचे पंच तेथे येतात आणि आपल्या जत्रेची सुपारी देऊन जातात. विठाबाई नारायणगावकर त्याच मातीतल्या. त्यांच्या नावाने आज सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते; पण त्यांचे स्वतःचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्यांच्या तोंडची लावणी हजारोंनी उघड्या माळावर ऐकली, आणि त्याच हजारोंतल्या कित्येकांनी दुसऱ्या दिवशी तमासगिरिणीचे नाव घेताना तोंड वाकडे केले. काव्यवाचनाच्या निमंत्रणपत्रिकेवर फडातल्या शाहिराचे नाव आपण कधी पाहिले आहे काय? पठ्ठे बापूराव तर जन्माने कुलकर्णी. पण ते जात व वतन टाकून फडात आले आणि फडाने त्यांना आपले म्हटले. यावरून हे उघड आहे की आमचा झगडा कोणा एका जातीच्या माणसाशी नाही. झगडा आहे तो उंबऱ्याशी.

म्हणूनच आम्ही म्हणतो की जागा बदलली म्हणजे सर्व झाले असे नव्हे. छप्पर काढले म्हणून सभा मोकळी होत नाही. उंबरा काढला तर होते. आणि आम्ही खळे सुचविले ते खळे निर्दोष आहे म्हणून मुळीच नाही. जुन्या माणसांना आठवत असेल. शेणाने सारवलेले खळे, मधोमध तिवडा, त्याभोवती फिरणारी बैलांची पात, वावडीवर उभे राहून वाऱ्यावर उफणलेले धान्य, आणि मग रास. त्या राशीपाशी सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार आपापल्या बलुत्यासाठी उभे राहत. जोशीबुवाही येत. महार-मांगांना राशीपासून लांब उभे राहावे लागे, आणि पुष्कळदा खळ्याच्या तळाची माती मिसळलेली झाडणी त्यांच्या पदरात पडे. वर्षभर नांगराचा फाळ शेवटणाऱ्या, मोटेचे चामडे शिवणाऱ्या हातांना धनी देईल ते घेऊन मुकाट्याने जावे लागे. खळे हे आमच्या गावाच्या हिशेबाचे ठिकाण होते, आणि तो हिशेब खरा नव्हता.

याच कारणाने कविता तेथे झाली पाहिजे. जेथे कारागिराने पदर पसरला तेथेच त्याने आता उभे राहून बोलावे आणि धन्याने मातीत बसून ऐकावे. आज मळणीयंत्र आले, बैलांची पात गेली, पुष्कळ खळी मोडून तेथे कांद्याच्या चाळी उभ्या राहिल्या. तरीही एखादा सपाट तुकडा प्रत्येक वाडीत शिल्लक आहे. तो झाडावा, सारवावा, आणि बोलावणे करावे.

आमच्या कारागीर वाचकांना आणखी एक गोष्ट सांगू. जुन्नरच्या भोवती दीडशेहून अधिक लेणी आहेत, आणि नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा कोरीव लेख आहे. घाटातल्या त्या लेखात कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती नाणी दिली याची यादी आहे. आमच्या मुलखातल्या फार जुन्या लिखाणांपैकी एक म्हणजे दक्षिणेची यादी! पण तेथून जुन्नरच्या लेण्यांकडे या. तेथल्या दगडावर धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे; तेथेच कासारांच्या व बुरुडांच्या श्रेणींची नावे आहेत, ज्यांच्या हवाली देणगीची ठेव केली जाई. म्हणजे दोन हजार वर्षांमागे बुरूड आणि कासार यांची पत दगडावर कोरण्याइतकी होती. आणि हे सर्व लेख संस्कृतात नाहीत, त्या काळच्या लोकांच्या प्राकृतात आहेत. ज्यांचे नाव डोंगराने जपले त्यांना सभागृहाच्या दाराशी उभे राहण्याचे कारण काय?

पलीकडे आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदविले तोच हा रेडा, अशी लोकांची श्रद्धा आहे. आम्ही श्रद्धेवर वाद घालीत नाही. आम्ही एवढेच विचारतो, की रेड्याला वाचा फुटली म्हणून जेथे समाधी बांधली, त्या तालुक्यात माणसाला दोन शब्द बोलण्यासाठी वशिला का लागावा?

आता थोडे आपल्याच घरात पाहू. ‘भटजीने आम्हास दूर ठेवले’ हे रडगाणे आम्हीही पुष्कळ गायिले. ते खोटे नव्हते. परंतु परवाच्या सभागृहात ती दोरी कोणी भटजीने बांधली नव्हती. ती आमच्याच बहुजन समाजातल्या, आमच्याच आडनावांच्या पुढाऱ्यांनी बांधली होती. जोशीबुवा उठले आणि त्या जागी अध्यक्षमहाराज येऊन बसले. पाट तोच, फक्त बसणारा बदलला. हे बोललेले काहींना झोंबेल. झोंबू द्यावे. जो सत्यशोधक दुसऱ्याचेच सत्य शोधतो तो अर्धाच सत्यशोधक होय.

आणि घरातल्या बायांचे काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. एक लाख! तेवढी कविता पहाटेच्या अंधारात, पीठ पडता पडता झाली, आणि तिच्यावर कोणी शाल घातली नाही. जाते गेले, गिरण आली, बायांचे कष्ट हलके झाले, हे उत्तमच झाले. परंतु जात्याबरोबर ओवीची जागाही गेली आणि तिला दुसरी जागा आम्ही दिली नाही. ज्या म्हाताऱ्या आयाबायांना अजून ओव्या येतात त्या एकामागून एक जात आहेत. यंदा ऐकले नाही तर पुढल्या सुगीला ऐकायला कोण असेल?

आता करावे कसे ते सांगतो, कारण नुसता उपदेश करून थांबणे हे भिक्षुकी काम आहे.

पहिले, वेळ. आमच्याकडे बिबट्याचे भय खरे आहे. उसाच्या पट्ट्यात दिवस मावळल्यावर पोराबाळांनिशी बाहेर पडावे अशी स्थिती नाही, आणि रात्री पाणी भरावयास जाणाऱ्या शेतकऱ्याचा जीव मुठीत असतो. म्हणून रात्रीच्या मैफलीची हौस सोडावी. दुपारी ऊन कलल्यावर बसावे आणि उजेड असतानाच उठून घरी पोहोचावे. ज्यांना लांब जावयाचे आहे त्यांनी एकटेदुकटे न जाता जथ्याने जावे. याच भयावर कोणी चार ओळी लिहिल्या असतील तर त्या आधी वाचाव्यात. सरकारच्या कानी जाण्यासारखी ती कविता होईल.

दुसरे, बैठक. मंच नको, खुर्ची नको. फार म्हातारे व आजारी यांना बाज टाकून द्यावी. बाकी सर्वांनी तरटावर बसावे, मग तो आमदार असो की सालगडी. गोल बसावे, म्हणजे पुढची रांग कोणती हा प्रश्नच उरत नाही.

तिसरे, आरंभ. पूजा नको, नारळ नको, सत्कार नको, आणि अध्यक्षही नको. पहिली ओवी गावातल्या सर्वांत वयस्क बाईने म्हणावी. तिची जात विचारू नये. त्यानंतर बलुत्यासाठी ज्यांनी पदर पसरला त्या घरांतल्या मुलामुलींनी वाचावे. मग इतरांनी. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी म्हणावे, आणि कोणीतरी लिहिणाऱ्याने ते उतरून घेऊन खाली म्हणणाराचे नाव घालावे.

चौथे, खर्च. ध्वनिक्षेपकाशिवाय शंभर माणसांना सहज ऐकू जाते. त्याहून अधिक आली तर शेजारच्या वाडीत दुसरे खळे आहेच. वर्गणी पैशाची नको, दर घरी शेरभर धान्य पुरे. त्याची भाकरी-आमटी सर्वांनी एका पंगतीत खावी. फडातला शाहीर किंवा ढोलकीवाला बोलाविला तर त्याला फुकट राबवू नये. त्याची बिदागी आधी ठरवावी आणि तेथल्या तेथे द्यावी. काय आले आणि काय गेले याचा हिशेब उठण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावा. खोटा हिशेब खळ्यावर फार झाला. एकदा खरा होऊ द्या.

पाचवे, विषय. कोणत्याही जातीची किंवा बाईची नालस्ती करणारी कविता नको. पण गावच्या पाटलावर, सोसायटीवर, कारखान्यावर, आमच्या या पत्रावर टीका असेल तर ती अडवू नये. ऐकणाराला झोंबली म्हणून कोणाला मध्येच खाली बसविले, तर त्या खळ्याचे पुन्हा सभागृह झाले असे समजावे.

सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारील तर आम्ही आंबेगावच्या पश्चिमेकडे बोट दाखवू. डिंभ्याचे धरण झाले, त्याला महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूचे नाव दिले. गिरणी कामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी मालाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. त्याच्या नावाच्या जलाशयाखाली मूळचे आंबेगाव गेले, शेजारच्या वाड्यांची भातखाचरे गेली. पाणी कालव्याने पूर्वेकडे आले. त्यावर आमचा ऊस आणि कांदा पिकतो. ज्यांची खळी पाण्याखाली गेली ते आदिवासी बांधव वर डोंगरावर हिरडा वेचतात. त्यांच्या वाडीत जाऊन, त्यांनी बोलाविले तर त्यांच्या अंगणात बसून, आधी त्यांचे ऐकावे. आपण पाणी प्यालो. निदान त्या पाण्याचे गाणे तरी कानाआड करू नये.

काही मंडळी म्हणतील, कवितेने कांद्याला भाव मिळतो काय? नाही मिळत. परंतु ज्याला चारचौघांत उभे राहून आपले दुःख आपल्या शब्दांत सांगता येत नाही, त्याला बाजार समितीतही तोंड उघडता येत नाही आणि ग्रामसभेतही नाही. बोलण्याची सवय खळ्यावर लागली तर ती पुढे कचेरीपर्यंत जाते. जोतीराव जुन्नरास येऊन ‘आसूड’ वाचीत होते ते करमणुकीसाठी नव्हे.

शेतकरी बंधूंनो, कारागीर बंधूंनो, आणि बहिणींनो, खर्च काही नाही. एक झाडू, दोन पाट्या शेण, चार तरटे आणि एक दुपार. ज्या गावात असे वाचन होईल त्या गावाने आम्हास कळवावे. तेथे म्हटलेल्या कवितांतल्या ज्या आम्हास परवानगीने मिळतील त्या या पत्रात म्हणणाराच्या नावासह छापू, आणि पुढाऱ्यांची भाषणे छापण्यास आम्हास जागा राहणार नाही.

आणि त्या कांदा सोडून आलेल्या ताईंना, त्यांच्या नजरेस हे पडले तर, आमची विनंती आहे. तुमची वही मिटून ठेवू नका. खळे सारवून ठेवतो. या वेळी सगळी कडवी म्हणा.